एअर रायफलचा नवा दस्ता हलतोय? आवळण्याआधी काजळी लावा

तुमची अडचण मला समजली ती अशी. ४.५ मिमीची, बॅरल मोडून (सांध्यात खाली वाकवून) भरायची स्प्रिंगवाली एअर रायफल. जुना दस्ता मुठीजवळ चिरला, म्हणून जुलैत कणकवलीत सुताराकडून सागवानी दस्ता करून घेतलात. तेव्हा चपखल बसला होता. आता डिसेंबरात सिलिंडर, म्हणजे स्प्रिंग आणि पिस्टन असलेली लोखंडी नळी, दस्त्यात डुगडुगतो, पंधरा-वीस छर्रे मारले की पुढचे स्क्रू सैल होतात आणि १० मीटरवर छर्रे तळहाताएवढ्या जागेत विखुरतात. मागच्या फटीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून पाहिलात, आता सुताराकडून सिलिंडर बसतो ती खाच सगळीकडून मोठी करून घ्यायचा विचार आहे.

ट्यूब आजच काढा. आणि खाच सगळीकडून मोठी अजिबात करू नका, नाहीतर दस्ता वाया जाईल.

तुम्हाला दस्ता सैल झाल्यासारखा वाटतोय, पण माझ्या मते तो घट्ट झालाय, आणि नको त्या जागी. आपल्याकडे मिरग लागला की दारं चौकटीत अडकतात आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळी होतात, ते सगळ्यांनी पाहिलंय. लाकूड आडवं फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. जुलैच्या दमट हवेत कोरलेला ५० मिमी रुंदीचा सागवानी तुकडा हिवाळ्यापर्यंत सहज अर्धा-पाऊण मिमी आकसतो. इथेच बहुतेकांची चूक होते. लाकूड आकसलं की त्यातली खाच मोठी होत नाही, तीही लाकडाबरोबर अरुंद होते. म्हणजे तुमचा सिलिंडर आता खाचेच्या वरच्या दोन कडांमध्ये चिमटला गेलाय आणि तळाला टेकतच नाही. दोन कडांवर तोलून धरलेली गोल वस्तू डुगडुगणारच. शिवाय स्क्रूच्या डोक्याखालचं लाकूडही पातळ झालं, त्यामुळे त्यांची पकड गेली.

त्यात स्प्रिंगच्या रायफलचा झटका दुहेरी असतो. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे ढकलली जाते, आणि तो पुढे जाऊन थांबतो तेव्हा ती पुढे ओढली जाते. सिलिंडर तळाला नीट बसलेला नसेल तर हे दोन्ही हिसके स्क्रूंवरच येतात. तुम्ही कितीही आवळा, ते सुटणार. रबर घातलं की सिलिंडर दर वेळी थोडा वेगळ्या जागी येऊन थांबतो, म्हणून तुमचे छर्रे एका जागी पडत नाहीत.

काम सुरू करण्यापूर्वी बॅरल मोडून उजेडाकडे धरा, आत छर्रा नाही हे डोळ्यांनी बघा. बॅरल उघडी असताना घोड्याला हात लावायचा नाही, ती फटकन मिटते आणि बोटं ठेचतात. छर्रा न घालता रायफल उडवू नका, पिस्टनचं सील खराब होतं. सिलिंडर उघडायचा नाही. स्प्रिंग आत दाबून बसवलेली असते आणि तिचा आपल्या कामाशी संबंध नाही.

आधी लाकूड खरोखर सुकलंय का ते बघा. दस्ता सुटा करून घरात सावलीत ठेवा आणि आठवड्याला एकदा वजन करा, किराणावाल्याचा काटाही चालेल. लागोपाठ दोन आठवडे वजन तेवढंच आलं की पुढे जा. उन्हात किंवा चुलीवरच्या माळ्यावर ठेवू नका, टोकांना चिरा जातात. मी पहिला दस्ता केला तेव्हा कुडाळच्या एका म्हाताऱ्या सुताराने तो हातात घेऊन गालाला लावला आणि म्हणाला, "ह्यां लाकूड अजून ओलां आसा." मी ऐकलं नाही. तीन महिन्यांनी तीच खाच मला पुन्हा कोरावी लागली.

आता काजळी. निरांजनावर स्टीलची ताटली धरा, जमलेली काजळी दोन थेंब खोबरेल तेलात कालवा आणि सिलिंडरच्या खालच्या अर्ध्या भागाला बोटाने अगदी पातळ लावा. बोटाचे ठसे दिसतील इतकीच, जाड थर दिलात तर सगळंच काळं होईल आणि काही कळणार नाही. सिलिंडर सरळ खाली बसवा, तळव्याने दाबा, सरळ वर उचला. जिथे काळं उठलं तिथे टेकतोय. तुमच्या दस्त्यावर वरच्या कडांना दोन काळ्या रेघा आणि तळ कोरा असं दिसेल, याची मला बऱ्यापैकी खात्री आहे.

फक्त काळं तेवढंच खरवडायचं. सिलिंडरपेक्षा थोड्या कमी जाडीच्या पाइपाला १२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि लांबीच्या दिशेने चार-पाच हलके हात मारा. पुन्हा काजळी, पुन्हा दाबा. हे बारा-पंधरा वेळा करावं लागतं, एक दुपार जाते. हळूहळू रेघा रुंद होत खाली उतरतात आणि एका वेळी तळाला ठिपके उठायला लागतात. तिथे थांबा. लोखंडाला मात्र कानस लावायची नाही. बॅरल मोडताना जी दांडी मागे सरकते तिची फटही आकसली असेल. आत ग्रीसची चकाकती रेघ दिसली तर दांडी घासतेय, तेवढी बाजू मोकळी करा.

मग स्क्रू. बाजूचे दोन्ही स्क्रू दस्त्याशिवाय सिलिंडरच्या आट्यांत हाताने पूर्ण फिरवा आणि किती आत जातात ते मोजा. पातळ झालेल्या लाकडातून स्क्रू आता जास्त आत जातो आणि तळाला टेकून थांबतो. हाताला घट्ट लागतो, पण लाकूड दाबतच नाही. तसं असेल तर टोक एक-दीड मिमी घासून कमी करा. छिद्र लांबट झालं असेल तर लेथवाल्याकडून पितळी बुश (छिद्रात बसणारी छोटी नळी) करून घ्या आणि अरल्डाइटने बसवा. स्क्रूचं डोकं बुशवर टेकलं की लाकडाच्या फुगण्या-आकसण्याचा त्रास उरत नाही. वॉशर बदलून हे साधत नाही, मी दोनदा करून पाहिलंय.

एवढं करूनही मागच्या टोकाला फट राहिली तरच तिथे अरल्डाइटचा पातळ थर द्या. त्याआधी लोखंडाला मेणाचं पॉलिश दोनदा चोळा, आणि स्क्रूची भोकं व घोड्याची फट मेणाने बुजवा. एक भोक जरी उघडं राहिलं तरी सिलिंडर दस्त्यातून निघत नाही.

शेवटी खाचेच्या आतून आणि दस्त्याच्या दोन्ही टोकांना उकळलेल्या जवसाच्या तेलाचे तीन-चार पातळ हात द्या, मधे दोन-दोन दिवस सोडा. पुढच्या मिरगात ओल टोकांतूनच शिरणार आहे. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा. स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू आपोआप सैल होऊ न देणारा डिंक) लावा आणि डावा-उजवा आळीपाळीने थोडा थोडा आवळा.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, काकांच्या शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुकीला हे करू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो, ती परवानाधारक दुकानातच द्या. तुमची रायफल ४.५ मिमीची आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर तिला परवाना लागत नाही.

काजळीच्या पहिल्या खुणांचा फोटो टाका, खाच आणि सिलिंडर शेजारी शेजारी ठेवून. काळं कडांऐवजी मागच्या टोकाला उठलं असेल, तर माझा अंदाज चुकलाय आणि खरवडण्याची जागा बदलेल. तोवर पॉलिश पेपर लावू नका.