कैफियत आपली आपण लिहायची तर

प्रश्न : शेजाऱ्याने माझ्यावर निरंतर मनाईचा दावा लावला आहे. त्याच्या कलमांच्या (कलमी झाडांच्या) बागेतून आमच्या घराकडे येणारी जुनी वाट मी वापरू नये, अशी त्याची मागणी. शिवाय १० मे रोजी मी गडगा (दगडी कुंपण) पाडून ५ कलमं तोडली, असा आरोप. वकील न देता मी उभा राहू शकतो का?
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : राहू शकता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम १ प्रमाणे पक्षकाराला स्वतः हजर राहता येतं. वकालतनाम्याऐवजी ‘काम स्वतः चालवणार’ अशी पुरसीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, पत्ता व फोन नंबरासह द्या. समन्ससोबत दाव्याची नक्कल आली नसेल तर ती लगेच लेखी मागा.

कैफियतीची, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराची, मुदत ३० दिवस. ती समन्स हाती पडल्यापासून मोजतात, कोर्टाच्या तारखेपासून नव्हे. कारण पटलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत वेळ देतं. मात्र निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज इतका थांबत नाही. त्यावरचं म्हणणं सुरुवातीच्या तारखांनाच द्यावं लागतं. नाही दिलं तर तुम्हाला न ऐकताच वाट बंद होऊ शकते.

आता खरी मेख. स्वतः काम चालवणारे बहुतेक जण युक्तिवादाची तयारी करतात आणि कैफियत घाईत उरकतात. ‘दाव्यातील सर्व मजकूर खोटा व नाकबूल आहे’ एवढ्यावर भागत नाही. दाव्याचा प्रत्येक परिच्छेद घेऊन त्यातली प्रत्येक गोष्ट वेगळी नाकारावी लागते. जी स्पष्ट नाकारली नाही ती कबूल धरली जाऊ शकते. ‘मी १० मे रोजी गडगा पाडून ५ कलमं तोडली नाहीत’ हे वाक्य ऐकायला ठणठणीत, पण कायद्याच्या नजरेत पळवाट आहे. मग ११ मे रोजी तोडली का? ४ तोडली का? त्यापेक्षा लिहा : ‘गडगा मी कोणत्याही दिवशी पाडलेला नाही. एकही कलम तोडलेलं नाही.’ जे खरं आहे, उदाहरणार्थ शेजाऱ्याचा गट नंबर, ते सरळ कबूल करा.

नकारानंतर तुमची बाजू. वाट कोणत्या गटातून, किती रुंद, कुठून कुठे आणि कधीपासून? वहिवाटीने हक्क सांगायचा तर सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे २० वर्षं उघड, हक्काने आणि अखंड वापर लागतो, तोही दाव्याच्या आधीच्या २ वर्षांच्या आतपर्यंत चालू असलेला. हे शब्द कैफियतीत नसतील तर साक्षीत मागाहून आणता येत नाहीत. हक्क जाहीर करून हवा असेल तर कैफियतीसोबतच प्रतिदावा घाला. खाली सत्यापन (मजकूर खरा असल्याची सहीनिशी ग्वाही), सोबत शपथपत्र आणि कागदांची यादी. शेजाऱ्याने वाट प्रत्यक्ष अडवलीच, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडेही जाता येतं, पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत.

सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, आणि वाट नेमकी कुठून जाते हे तर तो मुळीच सांगत नाही. हद्दीचाच वाद असेल तर कोर्ट कमिशनर नेमून मोजणी करण्याचा अर्ज द्या. मोबाइलमधले फोटो भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राशिवाय वाचले जात नाहीत.

प्रश्न : मी डोंबिवलीत असतो, दावा खेडच्या कोर्टात. धाकट्या भावाला कुलमुखत्यारपत्र दिलं तर तोच सगळं चालवेल ना?
— एक चाकरमानी वाचक

उत्तर : सगळं नाही. भाऊ हजर राहील, अर्जांवर सही करील, कागद दाखल करील. पण दुसऱ्यासाठी उलटतपास घेणं आणि युक्तिवाद करणं हे वकिलाचं काम. त्यासाठी अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३२ खाली कोर्टाची परवानगी लागते. जे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे त्याची साक्ष भाऊ देऊ शकत नाही. सरतपासाचं, म्हणजे स्वतःच्या मूळ साक्षीचं, शपथपत्र तुमचं असेल तर उलटतपासालाही तुम्हीच यायचं.

तारीख ई-कोर्ट्स अॅपवर १६ अक्षरी सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक) दिसते. मे महिन्यात गावी येतो, तेव्हाची तारीख घेऊ असा बेत करू नका. तेव्हा कोर्टाला उन्हाळी सुट्टी असते. वादी तुम्ही असाल आणि पुकाऱ्याला कुणीच नसेल तर दावा काढून टाकला जातो. तो पुन्हा फायलीवर घेण्याच्या अर्जाला ३० दिवस मिळतात.

प्रश्न : काम अर्ध्यावर जमेना, तर मग वकील देता येतो का? पैसे फारसे नाहीत.
— एक वाचक भगिनी, वेंगुर्ला

उत्तर : कोणत्याही टप्प्यावर देता येतो. मात्र तोवर कैफियतीत जे कबूल केलं ते नव्या वकिलालाही सहजी पुसता येत नाही, आणि साक्षी सुरू झाल्यावर कैफियतीत दुरुस्ती मिळणं अवघड. तुम्हाला फीची चिंता नको : विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. पुरुषांना त्या कलमातला दुसरा आधार नसेल तर आपल्या राज्यात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असावं लागतं. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करा. सोबत दाव्याची नक्कल आणि पुढची तारीख द्या, म्हणजे वकील त्या तारखेआधी नेमला जाईल.