आधी तिथी, मग तिकीट: ऑफिसच्या मंडळींची मालवण सहल

प्रश्न: आम्ही ठाण्यातल्या एका ऑफिसमधले १५ जण. शुक्रवारी रात्री निघून सोमवारी पहाटे परत, असा मालवण-देवबागचा बेत आहे. सगळ्यांना त्सुनामी आयलंड बघायचंय. पण आमच्याच दुसऱ्या विभागातली मंडळी गेली होती, ती मांडीभर पाण्यात उभी राहून फोटो काढून परत आली. बेट दिसलंच नाही म्हणतात. कोणता शनिवार-रविवार धरावा?

उत्तर: हॉटेल शोधण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. त्सुनामी आयलंड हे नावापुरतं बेट. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते, तिथे खाडीच्या तोंडावर साचलेला तो वाळूचा पट्टा आहे. २००४च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं गावात सांगतात, नाव त्यावरूनच. भरतीला तो बुडतो, ओहोटीला उघडा पडतो. तुमची मंडळी भर भरतीत पोचली असणार.

कोकणातला जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. दुपारी साडेचारच्या आसपास भरती भरणार, म्हणजे त्याच्या साधारण सहा तास आधी, सकाळी साडेदहाला, पूर्ण ओहोटी. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. दुसऱ्या दिवशी हे सगळं ५० मिनिटांनी पुढे सरकतं. हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून तारीख पक्की करताना भरती-ओहोटीचं छापील किंवा मोबाइलवरचं वेळापत्रक ताडून घ्या.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण. भरती ऐन अकरा-बाराला आणि ओहोटी पहाटे नि संध्याकाळी, म्हणजे दिवसाच्या कामाच्या वेळात पट्टा पाण्याखाली. चांदणं बघायला पौर्णिमा छान, पण वाळूच्या पट्ट्यासाठी नको. उलट टोकाला अष्टमीचा भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असण्याचा काळ: ओढ कमी, पाणी त्यामानाने नितळ, पण ते उतरतंही कमी, त्यामुळे वाळू थोडीच उघडी पडते. आमच्या मते शनिवारी षष्ठी आणि रविवारी सप्तमी हा जोड सर्वांत सोयीचा. असा जोड दर पंधरवड्यात जुळेलच असं नाही. एखादी तिथी पुढे-मागे झाली तर बिघडत नाही.

मग आखणी आपोआप होते. शनिवारी सकाळी पोचून आंघोळ-न्याहारी, लवकर जेवण, अडीचला मालवण धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ला. पाणी चढलेलं असल्याने होडीत चढणं-उतरणंही सोपं जातं. होडीवाले साधारण तासाभराने परत बोलावतात, आणि तेवढ्यात सगळा तट फिरून होत नाही. महाद्वार, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाता-पायाचे ठसे, शिवराजेश्वराचं मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी एवढं नीट बघा. जास्त वेळ हवा असेल तर होडीत बसण्याआधीच बोलून घ्या. रविवारी सकाळी लवकर स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणं), साडेदहाला वाळूचा पट्टा, पाणी परत चढायला लागण्याआधी काठावर.

मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

प्रश्न: १५ जणांची रेल्वे तिकिटं एकत्र कशी काढावीत?

उत्तर: ऑनलाइन एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा प्रवासी बसतात. ६-६-३ करण्यापेक्षा ५-५-५ करा. कारण पूर्ण वेटिंगवर राहिलेलं ई-तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं. पण एकाच तिकिटावर काही जागा पक्क्या आणि काही वेटिंगवर असतील, तर वेटिंगवाल्यांनाही गाडीत चढता येतं, दाटीवाटी करावी लागते एवढंच. तीन जणांचं सुटं तिकीट अख्खं वेटिंगवर राहिलं तर ते तिघं घरीच. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला खुलतं. तिघांनी तीन मोबाइलवरून एकाच वेळी काढावं.

उतरायचं कुडाळला, पुढे मालवण तीसेक किलोमीटर. कोकणकन्या रात्री अकरानंतर मुंबईहून सुटते, तिची तारीख शुक्रवारचीच. तुतारी मात्र दादरहून १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं तर तारीख शनिवारची टाकायची. यात भलेभले फसतात आणि एक रात्र आधीचं तिकीट काढून बसतात.

प्रश्न: आमच्यातल्या निम्म्यांना पोहता येत नाही. स्कूबा करावं का? एकाला दमा आहे.

उत्तर: पोहता न येणं ही अडचण नाही. पर्यटकांच्या स्कूबामध्ये प्रशिक्षक पूर्णवेळ मागून धरून असतो. अडचण कानांची आणि श्वासाची. खाली जाताना पाण्याचा दाब कानाच्या पडद्यावर येतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच फुंकलं की कान मोकळे होतात. हे दर दोन-तीन फुटांवर करायचं, आणि दुखायच्या आधी करायचं. दुखायला लागल्यावर जोर लावला तर कान आणखीच बंद होतो. अशा वेळी प्रशिक्षकाला खूण करा, दोन फूट वर या, मग पुन्हा प्रयत्न करा. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. ठीक असल्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेलं गोल. दुसरा नियम श्वास कधीही न रोखण्याचा. श्वास कोंडून वर आलं तर फुप्फुसातली हवा फुगते आणि इजा होते.

दमा, हृदयविकार, फिट येणं, गर्भारपण, कानाचं ऑपरेशन यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय नाही. केंद्रात अर्ज भरताना सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहून मोकळं होऊ नका. साधी सर्दी असली तरी त्या दिवशी रद्द करा. बंद नाकाने कान मोकळे होत नाहीत. आदल्या रात्रीची पिण्याची बैठकही स्कूबावाल्यांनी टाळावी. विमानाने परतणाऱ्यांनी मध्ये निदान १८ तास सोडावेत.

आणि १५ जणांनी एकाच होडीतून जाऊ नये. पाण्याखाली एकावेळी दोघं-तिघंच जातात, बाकीचे नांगरलेल्या, डुलणाऱ्या होडीत ताटकळतात. मळमळ सुरू होते ती तिथे. ज्यांना खरंच करायचंय असे सात-आठजणच जाऊ देत. मळमळणाऱ्याने मोबाइल ठेवून क्षितिजाकडे बघावं.

प्रश्न: बनाना राइडला (होडीमागे ओढल्या जाणाऱ्या केळ्याच्या आकाराच्या फुग्यावरची फेरी) लाइफ जॅकेट देतातच. मग आणखी काय बघायचं?

उत्तर: ते बसतं का हे बघायचं. सगळे पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने खांद्यांना धरून वर ओढून बघावं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे. पाण्यात ते वर तरंगेल आणि माणूस त्यातून निसटेल. बनाना राइडच्या शेवटी बहुतेक वेळा मुद्दाम पाण्यात पाडतात. ते नको असेल तर निघण्यापूर्वी चालवणाऱ्याला स्पष्ट सांगा. चष्मा आणि अंगठ्या काठावर.

वाळूच्या पट्ट्याच्या कडेला पोहायला मात्र उतरू नका. ओहोटीचं आणि नदीचं पाणी अरुंद तोंडातून एकदम समुद्राकडे ओढतं, आणि कडेची वाळू अचानक खोल जाते. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल गळाभर पाण्यात पडतं. काठावर शांत दिसतं म्हणून फसगत होते. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, 'इथून पुढे नको' म्हणाला की वाद घालायचा नाही, मग तुमच्याबरोबर विभागप्रमुख का असेनात.

प्रश्न: पैशांवरून दरवेळी कुरबुर होते. कोणी आयत्या वेळी गळतं, कोणी म्हणतं मी स्कूबा केलंच नाही.

उत्तर: दोन हिशोब ठेवा. गाडी, खोल्या, होडी हे डोक्यावर वाटायचं. स्कूबा, पेयं, जादा सुरमई ज्याची त्याने द्यायची. समजा गाडीचे ९,००० ठरले, तर १५ जणांत ६०० पडतात. तिघं गळले तर ७५०. हे दीडशे रुपये कोणी द्यायचे यावरूनच भांडण होतं. म्हणून आगाऊ रक्कम घेतानाच ग्रुपवर लिहा: अमुक तारखेनंतर गळणाऱ्याने आपल्या जागी माणूस द्यावा किंवा वाटून घेतलेल्या खर्चातला आपला वाटा सोडावा. खजिनदार एकच, आणि तो साहेब नसावा. साहेबाकडे हिशोब मागायला कोणी धजावत नाही.

प्रश्न: चौघं शाकाहारी आहेत. तिथे उपाशी राहावं लागेल का?

उत्तर: मुळीच नाही, पण आदल्या संध्याकाळी माणसं मोजून सांगावं लागतं. काळे वाटाणे रात्रीच भिजत घालावे लागतात. सकाळी अकराला मागितलं तर बटाट्याची भाजी मिळते. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, घावणे, सोलकढी असं सांगून ठेवा, आणि तवा वेगळा हवा असेल तर तेही त्याच वेळी. एकदा हे पानात आलं की मासे खाणारेही हात घालतात, तेव्हा चौघांचं सांगताना सहाजणांचं सांगा.