“सहाच आठवडे तर गेली होती, एवढं काय झालं?”

ऑगस्टमध्ये साताऱ्याहून एका आईचा फोन आला. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहते. जर्मनीत फ्रायबुर्गला उन्हाळी अभ्यासक्रम करून आली आणि तेव्हापासून तिचं कॉलेजात मन लागेना. “सहाच आठवडे तर गेली होती, एवढं काय झालं?” असा प्रश्न बरेच पालक विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत ती ट्रामबद्दल बोलली, स्वच्छ रस्त्यांबद्दल बोलली. मग स्वतःच म्हणाली, “मॅडम, मी ‘तिकडे ना...’ म्हटलं की मैत्रिणी हसतात. आता मी बोलतच नाही.”

मी विचारलं, “तिथला कुठला दिवस परत हवासा वाटतो?”

बराच वेळ ती गप्प होती. मग तिने ड्रायझाम नदीकाठच्या सायकलवाटेबद्दल सांगितलं. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. एकदा ती अकरा वाजता एकटी खोलीवर परतली आणि कुणी काही विचारलं नाही. “इथे दहाला गेट बंद. पाच मिनिटं उशीर झाला की रजिस्टरमध्ये कारण लिहायचं.” आणि ती रडायला लागली.

ट्राम, रस्ते हे सगळं निमित्त होतं. तिला आठवण येत होती ती तिथल्या स्वतःची. हे दुःख खरं आहे. त्याला ‘नखरे’ म्हणू नये, असं मी तिच्या आईलाही स्पष्ट सांगितलं. परतल्यावरची ही घालमेल अभ्यासकांनाही जुनीच ठाऊक आहे. परक्या देशात रुळताना सुरुवातीची नवलाई ओसरली की मन खाली जातं, मग सावरतं, हे नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी 1955 मध्ये मांडलं. घरी आल्यावर तोच उतार पुन्हा लागतो, ही भर 1963 मध्ये गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने घातली. मुक्काम थोडा असला की तो नव्या नवलाईतच संपतो, तिथला कंटाळा वाट्याला येतच नाही. म्हणून इथलं सगळं जास्तच खुपतं, असं मला वाटतं.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, “तुझ्या रूममेटचे हे सहा आठवडे कसे गेले?”

तिला माहीत नव्हतं.

त्या रात्री तिने विचारलं. रूममेटच्या वडिलांचं ऑपरेशन झालं होतं. परदेशात हिला काळजी नको म्हणून तिने कळवलं नव्हतं. दोघी दोन वाजेपर्यंत बोलत बसल्या. नदीकाठची गोष्टही त्याच रात्री पहिल्यांदा कुणीतरी पूर्ण ऐकली.

गेटचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच होता. “सवय होईल” असं मी म्हणाले नाही, कारण तिची तक्रार मला रास्त वाटत होती. तिने चार मुलींना घेऊन रेक्टरना अर्ज दिला: अभ्यासिकेत बसणाऱ्यांना अकरापर्यंत मुभा द्या. परीक्षेच्या महिन्यापुरती साडेदहाची परवानगी मिळाली. पुढचा अर्ज ती जानेवारीत देणार आहे. रूममेटने आत्ताच सही करून ठेवली आहे.