उंच, बारीक अक्षरं आणि पायात जड बूट

प्रश्न: नमस्कार. आमच्या ग्रुपच्या नाटकाचं पोस्टर मी करतेय. नाटकाचं इंग्रजी नाव लांबलचक आहे आणि ते एका ओळीत बसवायचं होतं, म्हणून एक साधा स्लॅब सेरिफ फॉन्ट (अक्षरांच्या टोकांना जाड आडव्या पट्ट्या असतात तो) घेतला आणि रुंदी 60 टक्क्यांवर आणली. मला हवं होतं नाजूक, एलिगंट काहीतरी आणि सगळे म्हणतायत सर्कशीचं पोस्टर वाटतंय! असं का होतं? आणि खरा कंडेन्स्ड, म्हणजे मुळातच अरुंद काढलेला फॉन्ट घेतला तर खालची तारीख-वेळ पण त्यातच टाकू का?

उत्तर: सगळे बरोबर बोलतायत हो, आणि दोष तुमच्या नजरेचा नाही, त्या 60 टक्क्यांचा आहे. अक्षर आडवं दाबलं की उभ्या दांड्या बारीक होतात पण आडव्या रेषा होत्या तेवढ्याच जाड राहतात. म्हणजे दांडी आणि खालची पट्टी दोन्ही आधी 100 असतील तर आता दांडी 60 आणि पट्टी 100, आणि स्लॅबमध्ये तर पट्ट्याच पट्ट्या, डोक्यावर पण आणि पायात पण. (आपलं देवनागरी दाबून बघा, शिरोरेषा अशीच अंगावर येते.)

आता सर्कस कुठून आली? 1845 मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत (छपाईचे ठसे ओतणारा कारखाना) रॉबर्ट बेस्लीने क्लॅरेंडन नावाचा टाइप, म्हणजे फॉन्ट काढला, त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं फक्त 3 वर्षं, मग सगळ्यांनी नकला सुरू केल्या. त्यातूनच पुढे फ्रेंच क्लॅरेंडन आला, उंच, अरुंद आणि पट्ट्या दांड्यांपेक्षा जाड, म्हणजे तुम्ही केलंत अगदी तेच फक्त त्यांनी मुद्दाम केलेलं. लाकडी ठशांनी छापलेल्या सर्कशीच्या आणि 'वाँटेड'च्या पोस्टरांवर तो इतका दिसला की डोळ्यांना सवयच लागलीय.

तर मुळातच अरुंद काढलेला, लाइट वजनाचा, म्हणजे बारीक रेषांचा फॉन्ट घ्या. त्यात दांड्या बारीक तशा पट्ट्याही बारीक केलेल्या असतात, ओ-सी सारख्या गोल अक्षरांच्या बाजू जवळपास सरळ असतात, म्हणून ओळ शांत दिसते. फक्त स्पेसिंग डोळ्याने बघा, आकड्यावर जाऊ नका. फार जवळ आणलंत तर शेजारच्या अक्षरांचे पाय एकमेकांत अडकतात आणि सगळं नाव कुंपणासारखं दिसायला लागतं, फार लांब नेलंत तर कंडेन्स्ड घेऊन वाचवलेली जागा गेलीच की.

तारीख-वेळ त्यात नको. लहान साइजला बारीक रेषा तुटतात, आतली पोकळी भरते, काळ्यावर पांढरं छापलं तर शाई पसरून आणखीच वाट लागते. मी तरी 24 पॉइंटच्या खाली असा लाइट कंडेन्स्ड वापरत नाही. खाली सरळ नेहमीच्या रुंदीचा साधा सॅन्स (टोकांना पट्ट्या नसलेला फॉन्ट) टाका, रेग्युलर वजनात. आणि नाव अजूनही एका ओळीत बसत नसेल तर दोन ओळी करा ना, एवढ्या उंच अक्षरांच्या दोन ओळी एकावर एक छानच दिसतात, मधलं अंतर तेवढं कमी ठेवा.