जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया गाडीला आधी १७ इंची चाकं घालू की सस्पेन्शन बदलू?

आधी सस्पेन्शन करा, मग चाकं, आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) सगळ्यात शेवटी. लातूरला आमच्या गॅरेजात येणाऱ्या जुन्या ऑक्टाव्हियांत चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मचे (दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, चिरलेले असतात. त्यावर केलेलं अलाइनमेंट टिकतच नाही. नवे बुश बसवल्यावर बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच आवळायला सांगा. लिफ्टवर लटकत असताना आवळले की रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईत नेमकं हेच राहून जातं! १६ इंची चाकाच्या २०५/५५ आर१६ टायरच्या जागी १७ इंचीचं २२५/४५ आर१७ चालतं, बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो. पण टायरच्या भिंतीची उंची सुमारे १२ मिलिमीटरने कमी होते, म्हणजे खड्ड्यांचा धक्का झेलायला रबर कमी उरतं. काळ्या मातीवरचे आपले रस्ते पावसाळ्यात खचतात. रोज अंबाजोगाई-बीड जाणं-येणं असेल तर १६ इंचीच ठेवा.