पहिलाच फ्रूटकेक ना? मग एवढंच कर
अगं, अमेरिकन लोकांच्या थट्टेला घाबरू नकोस. तिकडचा टीव्हीवरचा विनोदवीर जॉनी कार्सन म्हणायचा, जगात फ्रूटकेक एकच आहे, लोक तोच एकमेकांना पाठवत राहतात! कोलोरॅडोतल्या मॅनिटू स्प्रिंग्जला तर १९९६ मध्ये केक फेकायची स्पर्धाच सुरू झाली. पण ही सगळी थट्टा कोरड्या, विकतच्या केकची.

- बेदाणे, मनुका, सुके अंजीर रममध्ये निदान रात्रभर भिजव. आठवडाभर मुरले तर उत्तमच.
- ओव्हन १५० अंशांवर. नवशिके इथेच फसतात. घाईने आच वाढवली की वरून करपतो, आत कच्चा. माझा पहिला असाच गेला.
- टुटीफ्रुटी मूठभरच.

पूर्ण गार झाला की बटरपेपरात गुंडाळ, आठवड्याला दोन चमचे रम पाज आणि महिनाभर डबा घरातल्यांपासून लपव. मसाल्यांचं पुढच्या वर्षी बघू.