वाचकांचे प्रश्न : पाटे आणि टायर बदलले, आता स्टेअरिंग थरथरतं

प्रश्न : आमची सहाचाकी गाडी केळीच्या भाड्यावर असते. पुढच्या दोन्ही कमानी (पाट्यांच्या स्प्रिंगा) नव्या टाकल्या, प्रत्येकीत एकेक पाटा वाढवला आणि पुढे नायलॉनऐवजी रेडियल टायर चढवले. तेव्हापासून साठच्या वर गेलं की स्टेअरिंग थरथरतं, पंचाहत्तरला कमी होतं. अलाइनमेंट दोनदा केली, फरक नाही. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, सावदा (ता. रावेर)

उत्तर : अलाइनमेंटवर आता खर्च करू नका. त्यातलं टो-इन (पुढची चाकं समोरून आत किती वळलेली) चुकलं तर टायर कडेने खातो. ठरावीक वेगाला येऊन पुढे विरणारी थरथर मात्र फिरणाऱ्या वस्तूची असते : टायर, रिम, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) किंवा ब्रेकचा ड्रम. खड्डा लागल्यावर सुरू होणारं आणि वेग पार उतरेपर्यंत न थांबणारं वॉबलिंग वेगळं. त्याचं मूळ कमान, किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती) आणि कॅस्टर (त्या खिळीचा पुढे-मागे झुकाव) यांत शोधायचं. तुमचा पहिला संशयित टायर आहे.

गाडी सपाट जागी घ्या, मागच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडण) लावा, पुढचा ॲक्सल उचलून खाली ठोकळे द्या. नुसत्या जॅकवर काम करू नका. आता टायरवर रिमच्या काठालगतची बारीक उठावाची रेघ बघा. रिमच्या कडेपासून तिचं अंतर चहूबाजूंनी सारखं हवं. एकीकडे रेघ रिमखाली दडलेली आणि समोरच्या बाजूला चार-पाच मिलिमीटर वर दिसत असेल, तर टायर रिमवर नीट बसलेलाच नाही. असं चाक कितीही बॅलन्स केलं तरी उड्या मारणारच. हवा पूर्ण काढा, रिमचा गंज तारेच्या ब्रशने घासा, टायरच्या काठाला टायर बसवायचं वंगण लावा (ग्रीस-डिझेल नको, रबर खराब होतं) आणि पुन्हा हवा भरा. लॉकरिंगची रिम (टायर वेगळ्या लोखंडी रिंगने अडकवलेली) असेल तर हवा लोखंडी पिंजऱ्यातच भरायची, आणि हवा असताना रिंगवर हातोडी अजिबात मारायची नाही. रिंग उडाली तर माणूस वाचत नाही. ट्यूब आणि फ्लॅपही (ट्यूब आणि रिममधली रबरी पट्टी) रेडियलचेच हवेत. नायलॉनचे जुने आत घातले असतील तर बदला.

रेघ सारखी असेल तर विटेवर तार बांधून तिचं टोक टायरच्या नक्षीजवळ आणा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. फट अडीच मिलिमीटरहून जास्त कमी-अधिक होत असेल तर तशीच रिमही मोजा. रिम सरळ निघाली तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवा, मग बॅलन्सिंग. चाक चढवताना हब आणि रिमच्या मधला रंग, चिखल, गंज खरवडून काढा. नट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत आवळा. नट आवळायच्या गनने ओळीने आवळले की रिम तिरकी बसते. ऐंशी ते दीडशे किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने (नट किती ताकदीने आवळला ते दाखवणारा पाना) पुन्हा बघा.

खात्री करायची तर डावीकडे स्टेपनी लावून पारोळा–धुळे रस्त्यावर गाडी काढा, नंतर उजवीकडे लावून. ज्या बाजूला थरथर गेली, दोष त्या चाकात. स्टेपनी नायलॉनची असेल तर हा प्रयोग करू नका. एका ॲक्सलवर दोन जातींचे टायर चालत नाहीत.

चाक वरखाली धरून हलवा. खेळ असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर हबचं बेअरिंग सैल, राहिला तर किंगपिन-बुश. चाक डावी-उजवीकडे धरून हलवलं की टायरॉड एंडचा (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) खेळ कळतो. यांत ढिलाई असली की टायरमधला थोडा दोषही स्टेअरिंगवर मोठा होऊन येतो.

शेवटी कमानी. ॲक्सल आणि कमान यांच्यातली पाचर काढताना हरवली किंवा उलटी बसली की कॅस्टर बिघडतो. दोन्ही बाजूंना जाड कड एकाच दिशेला आहे ना, जुन्या जागेप्रमाणेच आहे ना, बघा. पाटा वाढवल्यावर सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध बांधणारा) लांब लागतो, आणि त्याचं डोकं ॲक्सलच्या भोकात पूर्ण बसायला हवं. स्टेअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेपने दोन्हीकडे मोजा. फरक निघाला तर ॲक्सल सरकला आहे. नव्या कमानीचे यू-बोल्ट (कमान ॲक्सलला आवळणारे) पहिल्या भरलेल्या फेरीनंतर पुन्हा आवळावेच लागतात. वाढवलेला पाटा आम्ही तरी काढायलाच सांगू : मालाचं बहुतेक वजन मागच्या ॲक्सलवर असतं, आणि पुढचं तोंड उचललं की कॅस्टर व ड्रॅग लिंकचा (स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) कोन दोन्ही बदलतात.

प्रश्न : कोंडाईबारी घाट उतरल्यावर फक्त ब्रेक मारताना स्टेअरिंग हलतं. तेही टायरमुळेच का?
— एक वाचक, साक्री

उत्तर : नाही, ड्रम बघा. तापून तो लंबगोल होतो. चाक उचलून, ब्रेक ॲडजस्टरने लायनर (ड्रमला आतून घासणारा ब्रेकचा थर) जेमतेम टेकेल इतका आवळा आणि फिरवा; प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी घासला तर ड्रमच. लेथवर काढता येतो, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे नाही, आणि एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम सारखेच काढा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. घाट खालच्या गिअरमध्येच उतरा.